लेकीच्या भाषणाला कुणाचं नाव घ्यावं? एन. डी. सरांचं

वहिनी (बी-३०२): नमस्कार सोसायटीतल्या सगळ्यांना. लेकीला नववीत भाषणाचा विषय आलाय, ‘आपल्या भागातले एक लोकप्रतिनिधी’. पाच मिनिटं बोलायचंय. सध्याचे कुणी नकोत असं बाईंनी सांगितलंय. कुणावर बोलावं?

आण्णा (ए-१०१): रत्नाप्पाण्णा कुंभार घ्या की. घटना समितीत होते, पुढं शिरोळचे आमदार. देशभक्त माणूस.

मास्तर (सी-२०४): रत्नाप्पाण्णा मोठेच, प्रश्न नाही. पण मला विचाराल तर प्रा. एन. डी. पाटील. आमदारकी कशी करावी हे पोरांना सांगायचं असेल तर दुसरं नाव माझ्या डोळ्यापुढं येत नाही.

काकू (ए-३०३): एन. डी. सर वाळव्याकडचे ना? सांगली जिल्हा झाला तो.

मास्तर (सी-२०४): जन्म ढवळीचा, तालुका वाळवा, १५ जुलै १९२९. बरोबर आहे तुमचं. पण १९८५ ला विधानसभेवर पाठवलं ते कोल्हापूर शहरानं, आणि १७ जानेवारी २०२२ ला गेले तेही इथंच. आपलेच म्हणायचे.

वहिनी (बी-३०२): सर, जरा सविस्तर लिहाल का? लेक वही घेऊन बसलीय.

मास्तर (सी-२०४): लिहितो. शेतकऱ्याच्या घरातला पोरगा. अर्थशास्त्रात एम. ए. केलं, पुढं वकिलीची पदवीही घेतली. साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकवलं, कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांच्या ‘कमवा व शिका’त पोरांबरोबर राबले. (कर्मवीर आपल्या कुंभोजचे, हे तिनं जरूर सांगावं.) शेतकरी कामगार पक्षात गेले ते कायमचे. १९६० ला विधान परिषदेवर. १९६० ते ६६, मग १९७० ते ७६ आणि १९७६ ते ८२, म्हणजे तीन वेळा मिळून १८ वर्षं. त्यातच १९७८ ला पुलोदचं, म्हणजे शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाचं, सरकार आलं आणि ते सहकारमंत्री झाले. फेब्रुवारी १९८० मध्ये सरकार बरखास्त झालं, मंत्रिपद गेलं, माणूस जिथल्या तिथं. मग १९८५ ते ९० कोल्हापूरचे आमदार. पुढं १९९० ते २००८ रयत शिक्षण संस्थेचे चेअरमन.

दादा (बी-१०२): परिषदेवर असताना मंत्री होता येतं?

ताई (सी-१०१, एमपीएससीवाली): येतं दादा. मंत्री दोन्हीपैकी कुठल्याही सभागृहाचा सदस्य चालतो. कुठलाच नसेल तर सहा महिन्यांत व्हावं लागतं. आपल्याकडं विधानसभेत २८८ आणि परिषदेत ७८ सदस्य. परिषदेची मुदत सहा वर्षं, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त होतात. अविश्वास ठराव मात्र फक्त विधानसभेतच आणता येतो.

दादा (बी-१०२): बरं. पण मास्तर, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सर शरद पवारांचे मेहुणे. मंत्रिपद पवारांच्याच सरकारात मिळालं. हे पण सांगायचं का पोरीनं?

मास्तर (सी-२०४): सांगावं की, लपवायचं कशाला? सरांच्या पत्नी माई या पवार साहेबांच्या सख्ख्या बहीण. पण पुढचंही सांगावं. ज्या घराच्या शब्दावर राज्यात उमेदवाऱ्या ठरायच्या, त्या घरचा जावई जन्मभर लाल बावट्याखाली राहिला. पक्ष आटत गेला, सत्ता कधीच लांब गेली, तरी उंबरा बदलला नाही. एन्रॉनचा वीज प्रकल्प आला तेव्हा दाभोळला, सेझ म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र आलं तेव्हा रायगडात शेतकऱ्यांच्या बाजूनं उभे राहिले. समोर कोण सत्तेत आहे ते बघितलं नाही. नात्याचा फायदाच घ्यायचा असता तर हे सगळं कशाला केलं असतं?

आण्णा (ए-१०१): हे मात्र खरं हाय. पण शहरानं पाचच वर्षं दिली त्यांना. नव्वदला शहर दुसरीकडं वळलं. आमदार म्हणून कोल्हापूरला दाखवण्यासारखी मोठी इमारत, मोठं काम असं काही डोळ्यापुढं येत नाही.

मास्तर (सी-२०४): आण्णा, आमदाराचं काम सभागृहात बोलायचं. प्रश्न विचारायचा, लक्षवेधी सूचना लावायची, खर्चाचा हिशेब मागायचा. त्याची कोनशिला बसत नाही. आणि शहराचं सर्वात मोठं काम त्यांनी केलं तेव्हा ते आमदारही नव्हते.

वहिनी (बी-३०२): टोल!

मास्तर (सी-२०४): टोल. २०१२ मध्ये वय ८२. त्या वयात मोर्चाच्या पुढं. शहरातल्या शहरात फिरायला पैसे मोजायचे, हे त्यांना पटलं नाही आणि आपल्यालाही नाही. सगळे पक्ष, तालमी, बायका-पोरं एका रस्त्यावर आणणं सोपं नसतं. ते जमलं कारण या माणसाला आता काही नकोय, याची प्रत्येकाला खात्री होती.

वहिनी (बी-३०२): आमचे हे तेव्हा रोज शिरोलीला कामाला जायचे. काचेवर ‘टोल देणार नाही’चं स्टिकर. नाक्यावर गाडी थांबवली की काच चार बोटं खाली करायचे, पावती घ्यायची नाही, मागं रांग लागली तरी हलायचं नाही. मी शेजारी बसलेली, पोटात गोळा यायचा. मागचा गाडीवाला हॉर्न मारत येतोय असं वाटायचं, तर तो उतरून ह्यांच्याच बाजूला उभा राहायचा.

काकू (ए-३०३): फुलेवाडी नाक्यावरही असंच. २०१५ संपता संपता बंद झाला एकदाचा.

मास्तर (सी-२०४): आणि ते बघायला कॉम्रेड गोविंद पानसरे नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. दोघं या लढ्यात बरोबरीनं होते. त्याआधी २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा असाच खून झाला. एन. डी. सर दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे अध्यक्ष, म्हणजे दाभोलकरही घरचंच माणूस. जवळची दोन माणसं अशी गेली आणि नव्वदीकडं झुकलेला हा माणूस सभांना जात राहिला. मला त्यांच्या सगळ्या पदांपेक्षा हे मोठं वाटतं.

दादा (बी-१०२): मास्तर, हे मला इतकं माहीत नव्हतं. टोलचा भाग पोरीनं नक्की घ्यावा.

ताई (सी-१०१): महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न राहिला. बेळगाव-निपाणीच्या लोकांसाठी सर शेवटपर्यंत लढत होते. एक वाक्य तरी घे म्हणावं.

वहिनी (बी-३०२): लेक म्हणतीय, सुरुवात टोलपासून करणार, जन्मतारीख मागाहून. आणि पवार साहेबांचं नातं पण सांगणार. चालेल ना सर?

मास्तर (सी-२०४): चालेल. उद्या साडेसहाला तिला वहीसकट वर पाठवा. परिषद आणि सभा यातला फरक तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतो, प्रश्न तिथंच येणार.