मदत हवी आहे: पुण्यातल्या परागकणांच्या जुन्या-नव्या नोंदी जोडायच्या कशा?

गाजरगवत पुण्यात १९५०च्या दशकात पहिल्यांदा नोंदलं गेलं. तेव्हापासून हवेतले त्याचे परागकण किती वाढले, हे एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तपासते आहे. जुने प्रबंध चाळले, सरांनाही विचारलं. अडचण मोजमापाची आहे. जुने आकडे चिकट काचपट्टीवर आपोआप पडलेल्या कणांचे, दर चौरस सेंटिमीटरला. नंतरचे बर्कार्ड सापळ्याचे (हे यंत्र ठरावीक वेगाने हवा आत ओढून त्यातले कण पकडतं), दर घनमीटर हवेला. काचपट्टीवर किती कण पडतात ते वारा आणि कणांचा आकार ठरवतो, त्यामुळे जुन्या आकड्यांचं नव्यात रूपांतर करायला सरसकट गुणक लावणं मला पटत नाही. पीएम १०चे, म्हणजे हवेतल्या बारीक धुळीचे एकत्रित, आकडे इथे उपयोगाचे नाहीत, आणि नवं उपकरण घेण्याइतका निधी नाही. एकाच ठिकाणी दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालवलेल्या नोंदी महाराष्ट्रात कुणाकडे आहेत का? नसतील, तर फक्त हंगामाची सुरुवात आणि शिखराचे आठवडे यांची तुलना ग्राह्य धरता येईल का?