मदत हवी आहे: ब्लिट्झ३डीत उसाचा फड उभा केला की गेम रांगायला लागतो

दूधगंगाकाठ:

नमस्कार मंडळी. मुक्काम सदलग्याजवळ, तालुका चिकोडी, जिल्हा बेळगाव. प्रोग्रॅमिंग हा आपला धंदा नव्हे, शेती सांभाळून संध्याकाळचा नाद. ब्लिट्झ३डी या गेम लिहायच्या जुन्या भाषेत ट्रॅक्टरचा गेम करायलोय. फडात तोड चालू आहे, दोन ट्रॉल्या भरायच्या आणि चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचलू न देता कारखान्याच्या काट्यावर न्यायच्या. आमच्याकडं हंगामात रस्त्यावर जे रोज दिसतं तेच.

ट्रॅक्टर, ट्रॉल्या, रस्ता, काटा इथपर्यंत झकास पळतं. ऊस लावला की बसलं. एक ऊस म्हणजे दोन उभ्या पट्ट्या, फुलीसारख्या एकमेकींत घातलेल्या, त्यावर कांड्या आणि वाढ्याचं चित्र. असा एक करून बाकीचे कॉपीएंटिटी कमांडनं पसरले, सहा हजार. काढलेले त्रिकोण मोजणारी ट्रिसरेंडर्ड कमांड २४ हजार दाखवते. एवढे त्रिकोण म्हणजे आजच्या लॅपटॉपला चहापाणीसुद्धा नव्हे, खरं सेकंदाच्या फ्रेम ६० वरनं १५ वर येतात. टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तर ग्राफिक्स कार्ड निवांत, प्रोसेसरचा एक कोअर मात्र पार भरलेला.

आता विचारायचं ते असं. हे खालच्या जुन्या डायरेक्टएक्समुळं (विंडोजची ग्राफिक्स कार्डाशी बोलायची सोय) होतंय, का माझ्या रचनेमुळं? कुणीतरी डीजीव्हूडू टाका म्हणालं, त्यानं फरक पडेल काय? आणि वारा सुटला की ऊस डुलला पाहिजे, त्याला शेडर, म्हणजे कार्डावरच चालणारा छोटा प्रोग्रॅम, लागतो म्हणतात, तो इथं कुठं लिहायचा?

पिक्सेलवाला:

२००१ ची भाषा आहे ती. गोडो हे गेम इंजिन घ्या, फुकट आहे, हे सगळं तयार मिळतं. उगाच मढं उकरू नका.

दूधगंगाकाठ:

गोडो बघितलंय ओ, चांगलंच आहे. खरं ट्रॉलीचं वजन आणि चढाचं गणित सगळं इथं लिहून झालंय. ऊस बसला की गेम झाला.

जुना_खेळगडी:

अण्णा, गोडोकडे जायची गरज नाही. कार्ड निवांत आणि कोअर भरलेला हे तुम्ही स्वतःच बघितलंय, म्हणजे निम्मं निदान झालं.

ब्लिट्झ३डीच्या पोटात डायरेक्टएक्स ७ आहे, १९९९ चं. त्यात कार्डाला काम सांगायची पद्धत अशी: हे टेक्स्चर (वर चढवायचं चित्र) घे, हा प्रकाश, ही जागा, आता हे त्रिकोण काढ. या एका फर्मानाला ड्रॉ कॉल म्हणतात. प्रत्येक फर्मान तयार करायचं काम प्रोसेसरचं, आणि त्यात चार त्रिकोण असोत की चार हजार, खटाटोप जवळपास तेवढाच. ब्लिट्झ३डी प्रत्येक एंटिटीच्या (गेममधल्या वस्तूच्या) प्रत्येक सर्फेससाठी (तिच्यातल्या त्रिकोणांच्या गटासाठी) वेगळं फर्मान काढतं. तुमचे सहा हजार ऊस म्हणजे दर फ्रेमला सहा हजार फर्मानं, प्रत्येकात चार-चार त्रिकोण. कारखान्याला एकेक ऊस वेगळ्या ट्रॉलीतून पाठवल्यासारखं आहे हे. कॉपीएंटिटी मेमरी वाचवते, कारण जाळी (मेश, म्हणजे बिंदू आणि त्रिकोणांचा साचा) सगळ्यांची एकच राहते. फर्मानं मात्र वाचत नाहीत.

तेव्हा ऊस एकत्र बांधा. मूळ उसाची कॉपीमेश घ्या, पोझिशनमेशनं जागेवर न्या, अ‍ॅडमेशनं मोठ्या जाळीत घाला आणि ती कॉपी फ्रीएंटिटीनं मोकळी करा. इथं पोझिशनएंटिटी चालत नाही. अ‍ॅडमेश फक्त जाळीचे बिंदू उचलते, एंटिटी कुठे ठेवली आहे ते बघत नाही, त्यामुळे सगळे ऊस एकाच ठिकाणी येऊन पडतात. कॉपीएंटिटीवर पोझिशनमेश लावलंत तर जाळी सामायिक असल्यानं सगळेच एकदम सरकतील, म्हणून कॉपीमेशच हवी. शेवटी काउंटसर्फेसेस विचारून बघा, उत्तर एक आलं पाहिजे.

पण सगळा फड एकाच जाळीत कोंबू नका. एकतर डायरेक्टएक्स ७ मध्ये बिंदूंचे क्रमांक १६ बिटांचे असतात, म्हणजे एका सर्फेसमध्ये ६५ हजारांच्या आसपास बिंदू मावतात. तुमच्या एका उसाला आठ बिंदू, म्हणजे सहा हजारांना ४८ हजार. मावतील, पण अजून एक फड लावलात की संपलं. दुसरं म्हणजे कॅमेऱ्याच्या बाहेर काय आहे ते ब्लिट्झ३डी पूर्ण जाळी धरून ठरवतं. एकच जाळी असेल तर कोपऱ्यातलं एक वाढं दिसलं तरी अख्खा फड काढला जाणार. तीनशे-तीनशे उसांचे वीस तुकडे करा. फर्मानं वीस, आणि पाठीमागचे तुकडे आपोआप गळतात.

डीजीव्हूडू जुनी डायरेक्टएक्स फर्मानं डायरेक्ट३डी ११ मध्ये फिरवून देतं. नव्या विंडोजवर थ्रीडीच्या वर टेक्स्ट किंवा रेषा काढताना ब्लिट्झ३डी अडखळतं, तिथे त्याचा बराच उपयोग होतो. एक्झी बनवून तिच्या शेजारी डीडीरॉ आणि डी३डीइम या दोन डीएलएल ठेवायच्या, ३२ बिटांच्या. पण सहा हजार फर्मानांची वीस ते करून देणार नाही.

शेडरचं म्हणाल तर डायरेक्टएक्समध्ये तो ८ पासून आला, २००० साली. ७ मध्ये ठराविक कामंच सांगता येतात: प्रकाश, धुकं, टेक्स्चरवर टेक्स्चर. डुलणं प्रोसेसरवर करावं लागेल. प्रत्येक उसाचे फक्त वरचे बिंदू व्हर्टेक्सकोऑर्ड्सनं साइनच्या तालावर थोडे सरकवा. बिंदू हलवले की तो तुकडा पुन्हा कार्डाकडे पाठवावा लागतो, म्हणून ट्रॅक्टरजवळचे दोन-तीन तुकडेच हलवा. लांबचा ऊस हलतोय का नाही कोण बघतंय!

दूधगंगाकाठ:

वीस तुकडे केले, ६० फ्रेम मिळाल्या. लई आभार. खरं दोन गोष्टी अडल्यात. एकत्र केल्यावर मागचा ऊस पुढच्याच्या वर दिसायलाय, आधी असं नव्हतं. आणि तोड झाली की तेवढेच ऊस काढायचे कसे? आता ते वेगळे राहिलेच नाहीत.

जुना_खेळगडी:

टेक्स्चर अल्फाचं (पारदर्शकतेचं), म्हणजे फ्लॅग २ चं घेतलं असणार. पारदर्शक वस्तू ब्लिट्झ३डी लांबून जवळ अशा क्रमानं लावतं, पण तो क्रम एंटिटीपुरता असतो, जाळीच्या आतल्या त्रिकोणांना नाही. फ्लॅग ४, म्हणजे मास्क लावा. त्यात चित्राचा शुद्ध काळा भाग काढलाच जात नाही, बाकीचा पूर्ण घट्ट, त्यामुळे क्रमाची भानगडच उरत नाही. कडा थोड्या करवती दिसतील, उसाच्या पानाला त्या शोभतात. फक्त कांड्यांच्या सावलीला शुद्ध काळा रंग वापरू नका, नाहीतर उसाला भोकं पडतील. लांबून कडेला काळी किनार दिसली तर मिपमॅपिंग (लांबच्या वस्तूंना चित्राच्या लहान प्रती वापरणं) बंद करून बघा.

तोडीसाठी काही काढायचंच नाही. त्या उसाचे वरचे बिंदू खाली जमिनीला टेकवा. पट्टीची उंची शून्य झाली की त्रिकोणाला क्षेत्रफळच उरत नाही, पडद्यावर काहीच येत नाही. ऊस भरताना प्रत्येकाचा पहिला बिंदू कितवा ते अ‍ॅरेत लिहून ठेवा, म्हणजे शोधत बसायला नको. आख्खा तुकडा तोडून झाला की हाइडएंटिटी.

पिक्सेलवाला:

हे बिंदू टेकवायचं भारी आहे. गोडोवाल्यांनीही लक्षात ठेवावं.

दूधगंगाकाठ:

जमलं! सरीच्या सरी आडव्या होतात आता. जाता जाता एकच. काट्यावरची पाटी मराठी आणि कन्नड दोन्हीत पाहिजे. टेक्स्ट कमांडनं नुसती प्रश्नचिन्हं येतात.

जुना_खेळगडी:

येणारच. ब्लिट्झ३डीत अक्षर म्हणजे एक बाइट, युनिकोड नाही. जोडाक्षरं आणि मात्रा जुळवणं तर लांबच. इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही लिपीत पाटी लिहा, २५६ बाय ६४ ची पीएनजी काढा आणि पाटीच्या पट्टीवर टेक्स्चर म्हणून चढवा. मापं दोनच्या घातातली ठेवा, नाहीतर चित्र ताणून त्या मापात बसवलं जातं आणि अक्षरं धूसर होतात. वजनाचा बदलता आकडा हवा असेल तर शून्य ते नऊ एकाच चित्रात ओळीनं काढून ठेवा आणि व्हर्टेक्सटेक्सकोऑर्ड्सनं हवा तो भाग दाखवा.