'अंडर द वेदर' म्हणजे नक्की काय होतंय?

सुरंगी
काल इथे एका तरुणाने लिहिलं की मराठीत आजारपण हळुवारपणे सांगायची सोयच नाही. 'बरं नाही' म्हटलं की माणसं चौकशा करत दारात येतात, म्हणून तो ऑफिसात, घरी, मित्रांत सगळीकडे 'आज जरा अंडर द वेदर आहे' एवढंच म्हणतो, आणि आपण सगळ्यांनी तेच म्हणावं. खाली अंगठ्यांची रांग. मला राहवेना, म्हणून वेगळा धागा काढते.

सोय नाही? कणकण आहे, कसर आहे, अंग मोडून आलंय, डोकं जड झालंय, तोंडाला चव नाही, मळमळतंय, गळून गेल्यासारखं झालंय. यातलं प्रत्येक दुखणं वेगळं आहे आणि प्रत्येकाला घरात वेगळं काहीतरी केलं जातं. सासूबाई नुसतं 'कसर वाटते गो' म्हणाल्या की मला कळतं, आत्ता हाताला ताप लागणार नाही, पण तिन्हीसांजेला बघायला हवं. मी लगेच पेजेचं आधण ठेवते. आमचा भाचा पुण्याहून आला तो आडवाच झाला. काय होतंय, तर 'अंडर द वेदर'. पोट बिघडलंय, घसा धरलाय की ताप आहे, विचारलं तर चिडतो. मी त्याला काढा द्यायचा की मीठ-साखरेचं पाणी?

दर्यावर्दी
ताई, हा शब्द पुणेकरांचा नाही, दर्याचा आहे. शिडाच्या जहाजावर जिकडून वारा येतो ती बाजू म्हणजे 'वेदर साईड'. खलाशी आजारी पडला की त्याला वाऱ्याच्या माऱ्यातून खाली न्यायचे, त्यावरून हे आलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली किती घरं जहाजावरच्या नोकरीवर उभी आहेत ते तुम्हाला सांगायला नको. आम्ही मिश्र क्रूमध्ये रोज हेच बोलतो आणि सगळ्यांना समजतं. कोकणातल्या माणसाने याचा राग धरू नये.

कातळ
दर्यावर्दी, ही गोष्ट सगळीकडे फिरते, पण तिला आधार कच्चा आहे. या प्रयोगाचे जुने छापील दाखले १९व्या शतकातले, अमेरिकेतले आहेत. जहाजाची कथा मागाहून चिकटवलेली वाटते.

दर्यावर्दी
पुस्तकातला दाखला तुमच्याजवळ ठेवा. मी बोटीवर उमर काढली आहे.

ओहोटी
मूळ कुठलं का असेना. सुरंगीताई, तुमचं घर चांगलं आहे म्हणून तुम्हाला हे सुचतं. मी रत्नागिरीत नोकरी करते. पाळीत पोट दुखायला लागलं तर साहेबांना काय सांगू, 'ओटीपोटात कळा येतायत'? आणि वाडीत 'बरं नाही' म्हटलं तर संध्याकाळपर्यंत माझ्या दुखण्याची चर्चा विहिरीवर होते. माझ्या मैत्रिणीला मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत. ज्या दिवशी तिला अंथरुणातून उठवत नाही त्या दिवशी ती 'अंडर द वेदर' लिहिते, आणि कोणी खोदत नाही. तो तिच्यासाठी आडोसा आहे. तुमची कणकण न् कसर तिला काय कामाची? स्वतःच्या घरातल्या पेजेवरून दुसऱ्याच्या दुखण्याला नावं ठेवू नका.

सुरंगी
मी कोणाच्या दुखण्याला नावं ठेवली नाहीत! साहेबाला 'प्रकृती ठीक नाही' पुरतं, रजेच्या अर्जात आपण वर्षानुवर्षं तेच लिहितो. माझा राग घरात बोलण्यावर आहे. ज्याने आपल्याला औषध द्यायचं त्याच्यापासून काय लपवायचं?

भातखाचर
माका वायच बोलूंदे. माजो बापूस कधी इंग्रजी बोललो नाय. लावणीचे दिवस होते, दिवसभर चिखलात. रातीक म्हणालो, 'काय नाय, वायच कणकण आसा.' आमीय सोडून दिला. दुसऱ्या दिवशी परत शेतात. पोटऱ्यो इतक्यो दुखत होत्यो की चलाक जमना नाय, डोळे लाल. तरी तोंडात तेंच, 'काय नाय.' दवाखान्यात नेलो तेव्हा कावीळ झालेली. लेप्टो. किडनीपर्यंत गेलेला. वाचलो, पण आता पयल्यासारखो नाय. सुरंगीबाय, ह्या शुद्ध मालवणीत झाला. शब्दांनी काय वाचवल्यान नाय.

कातळ
हे खरं बोललात. आपल्याकडे दुखणं अंगावर काढायची सवय आहे, आणि 'जरा बरं नाही' तेवढंच मोघम आहे जेवढं ते इंग्रजी. पावसात ते महागात पडतं. लेप्टोचे जंतू उंदरांच्या, गुरांच्या लघवीतून खाचरातल्या पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून आत शिरतात. सुरुवातीला साधा ताप वाटतो. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, एवढं डॉक्टरला नीट सांगितलं आणि चिखलात काम केलंय हेही सांगितलं, तर साध्या अँटिबायोटिकवर भागतं.

ओहोटी
आणि डॉक्टर आहे कुठे? सांगायचं कोणाला? आमच्या भागात पावसाळ्यात दार उघडं असतं आणि खुर्ची रिकामी. गाडी करून जिल्ह्याच्या गावाला जा, तिथून पुढे पाठवतात. लावणीच्या हंगामात मजुरी बुडवून कोण जाईल? मग माणूस 'काय नाय' म्हणणारच.

पानवेल
मी दोडामार्गाकडचा. आमच्याकडे २०१६ साली माकडताप, म्हणजे गोचीड चावून होणारा ताप, आला तेव्हा हेच झालं. काजू वेचायच्या दिवसांत ताप आला की लोक उन्हाचा म्हणून सोडून द्यायचे. गोचीड चावल्याचं, बागेत माकड मेल्याचं कोणी आपणहून सांगत नव्हतं, कारण त्याचा तापाशी संबंध असेल असं मनातही येत नव्हतं. आता आशाताई घरी आल्या की पहिलं तेच विचारतात: बागेत गेला होतास का, माकड मेलेलं दिसलं का. सरळ प्रश्न आला की माणूस सरळ सांगतो.

दर्यावर्दी
धागा होता इंग्रजी शब्दाचा, आता दवाखान्याचा झाला.

भातखाचर
दर्यावर्दी, तुमका बोटीवर औषधपेटी आसा नि रेडिओवर डॉक्टर मिळता. आमका गाडी मिळना नाय. दवाखान्याचोच हा धागो.

दर्यावर्दी
बरोबर, ते मान्य. बोटीवर आजारी माणसाला 'अंडर द वेदर' म्हणून सोडत नाहीत. ताप किती, उलटी किती वेळा, सगळं लिहून किनाऱ्यावर कळवावं लागतं. तो शब्द फक्त जेवणाच्या टेबलावर चालतो.

सुरंगी
मग मी वेगळं काय म्हणत होते? भाऊ, तुमच्या बाबांचं वाचून वाईट वाटलं. 'कणकण' म्हणून माणूस थांबला तर तीही आडोसाच होते, हे तुमचं पटलं. पण ऐकणाऱ्याने पुढे विचारायला हवं, आणि 'कणकण' म्हटल्यावर निदान विचारायला धागा हातात येतो. त्या मुलाच्या शब्दाने तो येत नाही, हे माझं म्हणणं अजून तसंच आहे.

ओहोटी
घरापुरतं तुमचं घ्या. साहेबाशी आणि वाडीशी मी माझंच बोलणार. आणि मैत्रिणीला कोणी खोदू नका.

कातळ
लावणी चालू आहे. पायाला जखम असलेल्यांनी आशाताईंना लेप्टो होऊ नये म्हणून देतात त्या डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिन) गोळीबद्दल विचारा, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय स्वतः घेऊ नका. गमबूट घाला. भातखाचर, बाबांची किडनीची तपासणी कुठे करता ते मला वेगळं कळवा, माझ्या मेव्हण्याचंही तेच चाललंय.