अनुभव धागा: गाडीत मुलांची कारसीट नेमकी कुठे लावलीत, आणि तिथेच का?

धागाकर्ती

आमच्याकडे लवकरच दुसरं बाळ येतंय आणि सध्या घरातला सगळ्यात तापलेला विषय बाळाचं नाव नसून कारसीट कुठे लावायची हा आहे. थोरली साडेतीनची, आत्तापर्यंत मागच्या बाकावर मधोमध महाराणीसारखी बसायची. गाडी साधी पाच सीटर. आता तिथे एक उलटी (बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला) आणि एक सुलटी (तोंड पुढे) अशा दोन सीट्स बसवायच्या, शिवाय अधूनमधून एखादं मोठं माणूसही मावायला हवं. नवरा म्हणतो बाळ मध्ये आणि थोरली खिडकीशी, सासूबाई म्हणतात बाळ माझ्या हाताशी येईल असं ठेवा, आणि मी रोज मत बदलतेय.

मुलं मागेच बसवायची आणि चालू एअरबॅगसमोर उलटी सीट कधीच लावायची नाही, एवढं पाठ आहे, त्यावर चर्चा नको. पण मागच्या जागांपैकी कुठली, हे तुम्ही कसं ठरवलंत ते लिहा. मूल केवढं, सीट उलटी की सुलटी, बेल्टने लावलीत की आयसोफिक्सने (गाडीच्या सीटमधल्या पक्क्या हुकांना अडकवून), आणि नंतर जागा बदलली असेल तर कशामुळे. कुठल्या कंपनीची घेऊ आणि कितीला पडली यासाठी वेगळे धागे आहेत, इथे नको प्लीज.

हिशेबी बाबा

चांगला धागा. मी लेक जन्मायच्या आधीच मधली जागा नक्की केली होती कारण आकडा वाचला होता. २००८ साली पीडिअ‍ॅट्रिक्स जर्नलमध्ये अमेरिकेतला अभ्यास आला होता, कारसीटमध्ये बसणाऱ्या शून्य ते तीन वर्षांच्या मुलांचा, त्यात मागे मध्ये बसलेल्यांना इजा व्हायचा धोका कडेला बसलेल्यांपेक्षा ४३ टक्के कमी निघाला. पटण्यासारखंच आहे, बाजूने कुणी येऊन धडकलं तर मधलं मूल दोन्ही दारांपासून लांब असतं. (त्याच अभ्यासात हेही दिसलं की मूल मोठं होत जातं तसे लोक मधली जागा सोडतात. का सोडतात ते खाली कमरा धरून बसलेले लोक सांगतीलच.)

तर मोठ्या उत्साहाने सीट मध्ये लावायला गेलो. आमच्या गाडीत मधली जागा अरुंद, थोडी उंचवट्यावर, आयसोफिक्सचे हूक नाहीत, फक्त बेल्ट. आणि त्या बेल्टच्या बकलचा दांडा इतका लांब की तो बरोब्बर सीटच्या बेल्ट जाण्याच्या खाचेत येऊन अडकायचा, कितीही ताणला तरी ढिला. बेल्ट जिथून जातो तिथेच हात धरून हलवून बघायचं असतं, सीट डावी-उजवीकडे किंवा पुढे-मागे २.५ सेमीपेक्षा जास्त सरकता कामा नये. वरच्या टोकाला धरून हलवलं तर कुठलीही सीट हलते, त्याने घाबरू नका. मध्ये आमची सीट चांगलीच सरकत होती, कडेला आयसोफिक्सवर जागची हलेना. मग काय, कडेलाच लावली. आकडा घट्ट बसलेल्या सीटला लागू, डुगडुगणाऱ्या सीटला मधलेपणाचा काय उपयोग!

शंकासूर

हिशेबी बाबा, मध्ये हूक नाहीत तर दोन्ही कडेच्या सीट्सचे आतल्या बाजूचे एकेक हूक घेऊन मध्ये लावता आलं नसतं का?

हिशेबी बाबा

नाही हो. आयसोफिक्सच्या दोन हुकांमधलं अंतर २८ सेमी ठरलेलं असतं आणि सीटचे दांडे त्याच मापाचे. आतल्या दोन हुकांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत वेगळंच भरतं. पट्ट्याने अडकणाऱ्या काही सीट्सना काही गाड्यांत तशी परवानगी असते पण गाडीचं आणि सीटचं, दोन्ही मॅन्युअल हो म्हणत असतील तरच. आणि दोन्ही पद्धती एकदम, म्हणजे हूकही आणि बेल्टही, असंही मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसेल तर करू नका. डबल सुरक्षा वगैरे काही होत नाही.

मधलीच बरी

आमची मध्येच आहे आणि बेल्टनेच आहे, मस्त घट्ट बसते, त्यामुळे बेल्ट म्हणजे दुय्यम असं कुणी वाटून घेऊ नका. सीटवर गुडघा टेकवून दाब द्यायचा, बेल्टमधला सगळा ढिलेपणा खेचून काढायचा आणि मग लॉक करायचं. एकच मूल आहे म्हणून हे ऐश्वर्य. बाकी दोन्ही कडांना आम्ही आलटून पालटून बसतो.

पाठदुखे आजोबा

नातवाला आणायला-सोडायला मी जातो म्हणून लिहितो. मुलाने सीट मध्ये लावून दिली होती, शास्त्र बरोबर असेल त्याचं, पण एका पायावर गाडीत अर्धं आत शिरायचं, अकरा किलोचं पोर हात लांब करून दारावरून उचलत मध्ये न्यायचं, आणि तिथे वाकून कारसीटच्या स्वतःच्या हार्नेसचे दोन्ही पट्टे लावायचे, हे माझ्या कमरेला झेपणारं नाही. आणि कमरेपेक्षा मोठा मुद्दा असा की असं अडचणीत उभं राहून मी पट्टा नीट घट्ट करत नव्हतो, झालं एकदाचं म्हणून सोडून देत होतो. खांद्यावरच्या पट्ट्याची चिमूट धरता आली तर तो ढिला. सुनेच्या ते लक्षात आलं, तिने मुलाला सांगितलं, सीट फूटपाथच्या बाजूच्या दाराशी आली. आता दार उघडतो, समोर उभा राहतो, दोन्ही हात मोकळे, पट्टा व्यवस्थित लागतो. रहदारीच्या बाजूला उभं राहून हे करणं तर तरुणांनीसुद्धा टाळावं.

सिझेरियनवाली

आजोबा, शंभर टक्के अनुमोदन. टाके ओले असताना मध्ये वाकणं हा विषयच नव्हता. शिवाय मी बरेचदा एकटीच गाडी चालवते, मग बाळ कुठे दिसेल हा प्रश्न. ड्रायव्हरच्या मागे असेल तर मान वळवूनही दिसत नाही आणि गाडी थांबवून उतरलं की मी रहदारीत उभी. म्हणून पलीकडे, पुढच्या पॅसेंजरच्या मागे. बाळाला दिसण्यासाठी मागच्या हेडरेस्टवर आरसा लावतात तो लावला होता, पण मी रस्त्यापेक्षा त्यातच जास्त बघते असं नवऱ्याने दाखवून दिल्यावर काढून टाकला. रडलं तर बाजूला थांबायचं, दुसरा उपाय नाही. त्या बाजूला ऊन येतं तेवढं मात्र बघा. सावलीची जाळी लावली तरी बसवण्याआधी बकलच्या धातूला हात लावून पाहायचा, उन्हात उभ्या गाडीत तो चटका बसेल इतका तापतो.

लांबटांग्या

माझी उंची सहा फूट दोन इंच. यातच सगळं आलं. उलटी सीट माझ्या मागे लावली की माझे गुडघे स्टिअरिंगला. कोणी म्हणेल सीट जरा उभी करा, तर तसं करता येत नाही, तान्ह्या बाळाचा कोन ठरलेला असतो, फार उभी केली तर झोपेत मान पुढे पडून श्वासाला त्रास. म्हणून आधी पुढची सीट माझ्या गाडी चालवण्याच्या नेहमीच्या जागेवर ठेवा, मग मागे मोजा. दुकानात लोक पुढची सीट सरकवून बघतात आणि घरी येऊन कपाळाला हात लावतात.

आमची बायकोच्या मागे गेली कारण ती माझ्यापेक्षा बरीच बुटकी (हे वाचणार आहे ती). पण तिलाही इतकं पुढे ढकलून चालत नाही की डॅशबोर्डला गुडघे टेकतील, पुढे एअरबॅग आहे. उलटी सीट पुढच्या सीटला टेकलेली चालते की नाही हे सीटप्रमाणे बदलतं, काहींना चालतं, काहींना अजिबात नाही, बघून घ्या.

पायवाला

सपोर्ट लेग (सीटपासून गाडीच्या तळाला टेकणारा पाय) असलेली सीट घेणाऱ्यांनी एक गोष्ट तपासा, जी दुकानात कुणी सांगत नाही. मागच्या सीटसमोर पायाखाली झाकणाचा कप्पा असतो काही गाड्यांत, चपला-खेळणी ठेवायला. त्या झाकणावर तो पाय टेकवायचा नाही, आत पोकळ असतं, धक्का बसला की झाकण खचणार. काही गाड्यांत कप्पा भरायला खास ठोकळा मिळतो, काहींत ती जागाच चालत नाही. आमच्याकडे या एका कप्प्यावरून जागा ठरली, बाकी सगळी चर्चा फुकट गेली. मधल्या जागेत तर खाली बोगद्याचा उंचवटा असतो, तिथे पाय असलेली सीट बहुधा जमतच नाही.

उलटेच बसा

आमची लेक साडेतीन वर्षांची होऊनही उलटीच बसते, लोक हसतात, हसू देत. स्वीडनमध्ये चारेक वर्षांपर्यंत उलटंच बसवायची पद्धत आहे. बर्टिल आल्डमन नावाच्या तिथल्या प्राध्यापकांनी १९६० च्या दशकात पहिली उलटी सीट बनवली, जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या बैठकीवरून कल्पना सुचली त्यांना, धक्का सगळ्या पाठीवर पसरतो, मानेवर येत नाही. युरोपातल्या कारसीटच्या आय-साइझ नियमात, जो २०१३ पासून आहे, निदान १५ महिने तरी उलटं सक्तीचं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये दोन वर्षांची अटच काढली आणि सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत उलटं ठेवा असं सांगितलं.

जागेच्या बाबतीत याचा परिणाम असा की मोठी उलटी सीट खूप पुढे येते, त्यामुळे पुढे बुटकं माणूस हवं (वर लांबटांग्या यांनी लिहिलंच आहे). पाय कुठे ठेवते विचाराल तर मांडी घालते किंवा वर टेकवते, तिची काही तक्रार नाही. आणि आयसोफिक्सला वजनाची मर्यादा असते हे विसरू नका, अनेक सीट्सना मूल अधिक सीट मिळून ३३ किलो. ती ओलांडली की बेल्टने लावायची वेळ, तेव्हा परत जागा बघावी लागू शकते.

तिघांची आई

धागाकर्ती, दोन सीट्सचं टेन्शन घेऊ नकोस गं, माझ्याकडे एका बाकावर तीन आहेत! दुपट्यातलं एक, हार्नेसवालं एक, बूस्टरवाला (उंच बैठकीवर बसून गाडीचाच बेल्ट लावणारा) एक. सगळ्यात आधी कळलं ते हे की बूस्टरवाल्या पोराला मध्ये बसवायचं नाही. तो स्वतः बेल्ट लावतो आणि दोन सीट्सच्या मध्ये बकल इतकं गाडलं जातं की त्याची बोटंच पोचत नाहीत, मग रोज माझा हात तिथे सोलून निघायचा. तो गेला कडेला. मध्ये हार्नेसवाली, दुसऱ्या कडेला तान्हं उलटं. उलटी आणि सुलटी शेजारी-शेजारी ठेवली तर त्यांचे रुंद भाग वेगवेगळ्या ठिकाणी येतात, म्हणून जागा होते. तिन्ही एकाच दिशेला असत्या तर दार लागलं नसतं.

जुन्या गाडीत मध्ये फक्त कमरेचा बेल्ट असेल तर तिथे बूस्टर लावायचाच नाही, खांद्यावरून पट्टा हवाच. हार्नेसची सीट त्या बेल्टवर बसू शकते, सीटच्या मॅन्युअलमध्ये तसं असेल तर. सुलट्या सीटचा वरचा पट्टा, टॉप टेदर, लोक लावतच नाहीत, तो लावलाच पाहिजे, डोकं पुढे जाणं त्यानेच कमी होतं. त्याचा हूक कुठे आहे हेही जागा ठरवताना बघ, काही गाड्यांत सामान ठेवायच्या भागात खाली असतो आणि मग बॅगा त्यावर.

आणि एक, थोरल्याला तान्ह्याच्या अगदी शेजारी बसवताना विचार कर. आमचा थोरला प्रेमाने बहिणीच्या तोंडात जे हातात असेल ते भरवायचा, आणि उलट्या सीटमुळे मला समोरून काहीच दिसायचं नाही. मध्ये हार्नेसवाली येण्याचं ते दुसरं कारण.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार, काल टेप घेऊन बसलो. उलटी सीट मध्ये लावून बघितली, आमच्याकडेही उंचवटा आणि पाय दोन्हीचं जमेना. सध्याचं ठरलंय ते असं की बाळ पॅसेंजरच्या मागे, थोरली ड्रायव्हरच्या मागे आयसोफिक्स आणि टॉप टेदरवर. मधल्या मोठ्या माणसाचं स्वप्न मात्र गेलं, थोरलीच्या सीटचा बेस मधल्या बकलवर येतो, बेल्टच लागत नाही. बेल्ट लागत नाही तर तिथे कुणी बसणार नाही, सासूबाई पुढे. त्या खूश आहेत.

दोनच दारं

आमच्या पिकअपला मागची रांगच नाही. मूल पुढेच बसवायचं झालं तर काय करता?

पायवाला

एअरबॅग किल्लीने किंवा बटणाने बंद करता येते का बघा, आणि डॅशबोर्डवर तसा दिवा लागतो का. बंद होत नसेल तर उलटी सीट तिथे नाही म्हणजे नाही, बाळाचं डोकं बॅगच्या अगदी तोंडाशी येतं. सुलट्या सीटवर बसणारं मूल असेल आणि मॅन्युअलची परवानगी असेल तर पुढची सीट पूर्ण मागे सरकवून. जमलं तर त्या कामापुरती दुसरी गाडी वापरा, खरंच.

सात सीटरवाली

मोठ्या गाडीत प्रश्न सुटतात असं वाटतं, तसं नाही हो. आमच्या गाडीत तिसऱ्या रांगेत टॉप टेदरचा हूकच नाही, म्हणून सुलटी सीट तिथे बाद, तिथे फक्त बूस्टरवाला मोठा मुलगा. त्याच्या मागे सुटं सामान ठेवत नाही, ब्रेक लागला की ते त्याच्या डोक्यावर. मधल्या रांगेत जी सीट दुमडून मागे जाता येतं तिच्यावर कारसीट लावली की वाट बंद, म्हणून ती मोकळी. पडद्यासारखी एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोचते का हेही बघून घेतलं होतं, सगळ्या गाड्यांत पोचत नाही. आणि रिकामा बूस्टर असला तरी त्याला बेल्ट लावून ठेवतो, नाहीतर तोच उडून येतो.

मला उलट विचारायचंय, मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या असलेल्या गाडीत कुणी दोन्हींवर उलट्या सीट्स लावून मधल्या वाटेने मोठ्या मुलाला मागे पाठवतं का? सीटचे कान त्या वाटेत किती येतात?