डॉकरमध्ये जँगो चालतंय पण पोस्टग्रेसला कनेक्ट होत नाही, कनेक्शन रिफ्यूज्ड

स्लोलोकल
मंडळी, नवीन कंपनीत लागलोय, सोमवारी लीडला लोकल सेटअप चालू झालेला दाखवायचाय आणि दोन रात्री यातच गेल्यात. विंडोज लॅपटॉप, 8 जीबी रॅम, डब्ल्यूएसएल 2 (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) वर उबुंटू, त्यात डॉकर (प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणारं टूल). दोन्ही कंटेनर, एक जँगोचा (पायथॉनमधलं वेब ॲप) आणि एक पोस्टग्रेसचा (डेटाबेस), उभे राहतात पण मायग्रेट (डेटाबेसमध्ये टेबलं बनवणारी कमांड) मारलं की कनेक्शन रिफ्यूज्ड. एन्व्ह फाइलमध्ये (पासवर्ड वगैरे सेटिंग्जची फाइल) होस्ट लोकलहोस्ट, पोर्ट 5432. आणि डीबीव्हरमधून (डेटाबेस उघडून बघायचं ॲप) त्याच लोकलहोस्टवर डेटाबेस व्यवस्थित उघडतो, हेच कळत नाहीये. पासवर्ड चुकला असेल म्हणून काल तोही बदलून बघितला, काही फरक नाही. रीडमी दोन ओळींची, ज्याने लिहिली तो सोडून गेला. डोंबिवली ते ठाणे ट्रेनमध्ये उभ्या उभ्या हेच वाचतोय.

चाळकरी
भावा, कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. तुझं जँगो आपल्याच खोलीत पोस्टग्रेस शोधतंय आणि ते बसलंय शेजारच्या खोलीत. डीबीव्हर विंडोजवरून येतं, कंपोझ फाइलमध्ये (कोणते कंटेनर कसे उभे करायचे ते लिहिलेली फाइल) 5432 बाहेर मॅप केलेला असणार म्हणून त्याला मिळतं. होस्टच्या जागी कंपोझमध्ये डेटाबेस सर्व्हिसचं जे नाव आहे ते टाक, बहुतेक डीबी असेल. पोर्टला हात लावू नको.

स्लोलोकल
दादा रिफ्यूज्ड गेलं!! पण आता पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड. पासवर्ड दोन्हीकडे सेम आहे, तीनदा बघितला.

ठाणेवाली
काल पासवर्ड बदललास ना, तिथेच अडकलंय. पोस्टग्रेसची इमेज एन्व्हमधला पासवर्ड फक्त पहिल्यांदा वाचते, डेटा फोल्डर रिकामा असताना. नंतर फाइलमध्ये काहीही लिही, व्हॉल्यूममध्ये (डॉकर डेटा साठवतं ती जागा) जुनाच बसलेला असतो, डीबीव्हरमध्येही जुनाच सेव्ह असेल. जुना परत टाक, नाहीतर डेटा नको असेल तर कंपोझ डाउनला (कंटेनर बंद करायची कमांड) डॅश व्ही (-v) लावून व्हॉल्यूम उडव आणि पुन्हा उभं कर. डॅश व्हीने सगळा डेटा जातो हं, टेस्ट डेटा हाताने भरला असशील तर आधी डंप (डेटाबेसचा बॅकअप) घे, माझे एकदा आठवड्याभराचे रेकॉर्ड असेच गेले होते आणि फार वाईट वाटलेलं.

अजून एक, कोड सी ड्राइव्हवर ठेवलायस का? उबुंटूतून तिकडच्या फाइली वाचायला खूप वेळ लागतो, रेपो (प्रोजेक्टचा सगळा कोड) उबुंटूच्या होम फोल्डरमध्येच क्लोन कर.

चाळकरी
+1. आणि डब्ल्यूएसएल डीफॉल्टला निम्म्या रॅमपर्यंत जातं, म्हणजे तुझी 4 जीबी. क्रोम आणि व्हीएस कोड धरून लॅपटॉप गुदमरेल, डब्ल्यूएसएल कॉन्फिग फाइलमध्ये मेमरी 3 जीबी कर आणि डब्ल्यूएसएल शटडाउन करून परत चालू कर.

स्लोलोकल
जुना पासवर्ड टाकला, मायग्रेट एका फटक्यात झालं, 8000 वर लॉगिन पेज आलं. खरंच मनापासून आभार, ताई तुम्ही डेटाचं बोललात म्हणून वाचलो, डॅश व्ही टाइप करून एंटरवर बोट होतं. रेपो आता होममध्ये हलवतोय. होस्ट आणि पासवर्डचं हे सगळं आज रात्रीच रीडमीत टाकतो, पुढच्या महिन्यात अजून दोन फ्रेशर येतायत.