स्टेमीचा रुग्ण, कॅथलॅब घाटापलीकडे: स्कोअर आधी की लायसिस आधी?

राजापूर_एमओ
ग्रामीण रुग्णालयात ईसीजी आहे, टेनेक्टेप्लेज (रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन) आहे. ट्रोपोनिनची (हृदयाला इजा झाल्याचं दाखवणारी रक्ततपासणी) किट कधी असतात, कधी संपलेली असतात आणि क्रिएटिनिनचा (किडनीची तपासणी) रिपोर्ट रात्री मिळत नाही. अणुस्कुरा घाटाने कोल्हापूर गाठायला तीनेक तास लागतात, पावसाळ्यात त्याहून जास्त. अशा वेळी स्टेमी (हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद होऊन आलेला अटॅक) आला तर ग्रेस स्कोअर (मृत्यूचा धोका मोजणारे गुण) काढून मग ठरवायचं, की लायसिस (औषधाने गुठळी विरघळवणं) करून लगेच कॅथलॅबला (अँजिओप्लास्टीची सोय असलेली जागा) पाठवायचं? आणि हे स्कोअर आपल्या माणसांना कितपत लागू पडतात?

हृदय_कोल्हापूर
डॉक्टर, स्टेमीत ग्रेससाठी थांबू नका, ट्रोपोनिनसाठी तर नाहीच. पहिल्या तासा-दोन तासांत ते निगेटिव्हही येऊ शकतं. निदानाच्या ईसीजीपासून 120 मिनिटांत अँजिओप्लास्टीची वायर ब्लॉकच्या पलीकडे जाणार नसेल, दुखणं सुरू होऊन 12 तास उलटले नसतील आणि लायसिसला मनाई करणारं कारण नसेल, तर आधी लायसिस. घाटाचा रस्ता धरला की तो हिशेब तिथेच संपतो.

2013च्या स्ट्रीम चाचणीत हाच प्रश्न होता. तीन तासांच्या आत आलेले, पण तासाभरात अँजिओप्लास्टी न मिळणारे रुग्ण घेतले. 30 दिवसांत मृत्यू, शॉक, हार्ट फेल्युअर किंवा पुन्हा अटॅक यांचं एकत्रित प्रमाण लायसिसच्या गटात 12.4% आणि थेट अँजिओप्लास्टीत 14.3% आलं. मेंदूतला रक्तस्राव मात्र लायसिसमध्ये जास्त, 1.0% विरुद्ध 0.2%. म्हणून चाचणी चालू असतानाच 75 आणि त्यापुढच्या वयाला डोस निम्मा केला गेला.

स्कोअर काढायचाच तर टिमी नावाचा, धोका मोजणारा दुसरा स्कोअर आहे, त्याचा स्टेमीसाठीचा काढा. त्याला रक्ताची एकही तपासणी लागत नाही. शिवाय तो लायसिस झालेल्या रुग्णांवरूनच बनवलाय, म्हणजे तुमच्यासारख्या परिस्थितीतला. उदाहरण घ्या: वय 58 (0), मधुमेह (1), बीपी 120 (0), नाडी 104 (2), फुप्फुसाच्या तळाशी क्रेप्स म्हणजे पाण्याचा चरचर आवाज (2), वजन 54 किलो (1), अँटिरियर म्हणजे हृदयाच्या पुढच्या भागाचा अटॅक (1), दुखून पाच तास झालेले (1). एकूण 8. मूळ अभ्यासात 8 गुणांना 30 दिवसांतले मृत्यू 26.8% होते, 0 गुणांना 0.8%.

आता लागू पडण्याचं. वजन 67 किलोच्या खाली असलं की एक गुण मिळतो. आपल्याकडे शेतावर, होडीवर राबणाऱ्या कितीतरी जणांना तो आपोआप लागेल. उलट वयाचे गुण 65पासून सुरू होतात आणि आपल्याकडे अटॅक लवकर येतो. भारतातल्या क्रिएट नोंदवहीत (2008) सरासरी वय साधारण 57 होतं. तेव्हा टक्केवारी शब्दशः घेऊ नका. कुणाबरोबर डॉक्टर गाडीत बसवायचा, एवढं ठरवायला स्कोअर पुरतो.

घाटवाट_१०८
चुका डोसमध्ये आणि शिरेतल्या लाइनमध्ये होतात. वजन अंदाजाने धरू नका, काट्यावर घ्या. उभं राहवत नसेल तर नातेवाईकांना नेमकं विचारा. टेनेक्टेप्लेज 60 किलोखाली 30 मिग्रॅ, 60 ते 69 ला 35, 70 ते 79 ला 40, 80 ते 89 ला 45, 90 आणि वर 50. पावडरमध्ये स्टेराइल वॉटर घालून हलकेच फिरवा, जोरात हलवू नका. आधीच डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं पाणी) चालू असलेल्या लाइनमधून दिलंत तर औषध साकळतं. आधी आणि नंतर सलाइनने फ्लश करा, बोलस पाच ते दहा सेकंदांत.

इन्फिरियर (हृदयाच्या खालच्या भागाचा अटॅक) असेल तर व्ही4आर (छातीच्या उजव्या बाजूची ईसीजी लीड) घ्या. उजवा वेंट्रिकल (हृदयाचा उजवा खालचा कप्पा) गुंतलेला असताना सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) जिभेखाली ठेवली की बीपी धाडकन कोसळतं.

लायसिसनंतर 90 मिनिटं जागेवर बसून राहू नका. डिफिबचे (हृदयाला शॉक देणारं यंत्र) पॅड लावून, त्याची बॅटरी चार्ज झालीय हे पाहून निघा आणि 60 ते 90 मिनिटांनी गाडी बाजूला घेऊन ईसीजी काढा. सर्वांत जास्त चढलेल्या लीडमधलं एसटी (ईसीजीच्या रेषेचा अटॅकमध्ये वर उचलला जाणारा भाग) निम्म्यानेही उतरलं नसेल तर पुढे फोन करा, म्हणजे रेस्क्यूची (लायसिस फसल्यावर तातडीने करायची अँजिओप्लास्टी) तयारी होईल.

राजापूर_एमओ
एक राहिलं. पित्त समजून आधी सोडा, मग कोकम, शेवटी कुणीतरी कमरेत डायक्लो टोचलेलं, असे बरेच येतात. मग लायसिस बाद का?

हृदय_कोल्हापूर
तेवढ्यावरून बाद नाही. टोचल्या जागेवर दाब द्या, सूज आली तर पेनाने तिची कड आखा आणि वेळ लिहा. म्हणजे इथे उतरल्यावर ती वाढली का ते दिसतं. नवीन आयएम (स्नायूतलं इंजेक्शन) मात्र एकही देऊ नका. आणि लायसिसआधी दोन्ही हातांचं बीपी घ्याच. 180/110 वर असेल तर आधी खाली आणा, दोन हातांत मोठा फरक असेल तर महाधमनी फाटल्याचा संशय धरून लायसिस थांबवा आणि आधी फोन करा.