मदत हवी आहे: सोसायटीच्या वॉचमनना किमान वेतनही मिळत नाही, सभेत काय मांडू?

नमस्कार मंडळी, मी पुण्यात एका 120 फ्लॅटच्या सोसायटीत कमिटीवर आहे. वॉचमन आणि हाउसकीपिंगचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायचंय, त्यासाठी कोटेशनं मागवली. सगळ्यात स्वस्त कोटेशनमधून एजन्सीचं कमिशन, पीएफ, इएसआय (कामगार विमा) वजा केलं तर माणसाच्या हातात जे उरतं ते सरकारी दरापेक्षा माझ्या हिशोबाने महिन्याला चारेक हजारांनी कमी येतंय, आणि तेही रोज 12 तासांची ड्यूटी धरून! 8 तासांच्या वरच्या वेळेला दुप्पट दराने ओव्हरटाइम द्यायचा असतो, तो धरला तर फरक अजून मोठा. पण बहुतेकांचा कल त्याच कोटेशनकडे आहे.

सभासदांचं म्हणणं असं की माणूस एवढ्या पैशात यायला तयार आहे ना, मग सरकारने मधे पडायचं कारण काय, बाजारात जो रेट आहे तो आहे. हे मला अजिबात पटत नाही. गावाकडे पाऊस गेला म्हणून जो पोरगा शहरात आलाय, ज्याला उद्याच्या जेवणाची चिंता आहे तो काय घासाघीस करणार? आणि कायद्यातही त्याच्या 'तयार असण्याला' अर्थ नाही, किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा करारच रद्दबातल धरतात. 1948 च्या किमान वेतन कायद्यात हे होतं, आता त्याच्या जागी आलेल्या वेतन संहितेतही (2019 ची, नोव्हेंबर 2025 पासून लागू) आहे. एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात तर सुप्रीम कोर्टाने 1982 मध्ये स्पष्ट सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं म्हणजे घटनेच्या कलम 23 खालची वेठबिगारी. हे वाचल्यापासून मला गप्प बसवत नाहीये.

दुसरा मुद्दा येतो की पगार वाढवले तर माणसं कमी करावी लागतील. यावर अमेरिकेतला अभ्यास माहितीये, 1992 मध्ये न्यू जर्सीने किमान वेतन ताशी 4.25 वरून 5.05 डॉलर केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केलं नाही, आणि कार्ड व क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांना फास्ट फूडच्या नोकऱ्या घटलेल्या दिसल्या नाहीत. त्यावर नंतर बराच वाद झाला, पण कार्डना 2021 चं नोबेल मिळालं त्यात हे कामही धरलं होतं. तरी लोक म्हणणार ती अमेरिका, इथे काय त्याचं. म्हणून आपल्याकडचं उदाहरण हवंय. रोजगार हमी आपल्याच राज्यात सुरू झाली, 1977 चा कायदा आहे, सरकारने ठराविक मजुरीवर काम दिलं की शेतमालकालाही दर वाढवावा लागतो हे गावाकडे बघितलंय. अजून काही सुचतंय का?

खर्चाचं म्हणाल तर आपल्याकडे 6 माणसं आहेत, प्रत्येकी 4 हजार धरले तर 24 हजार, म्हणजे फ्लॅटमागे महिन्याला 200 रुपये. ओव्हरटाइम धरून जास्त होईल, आणि पेन्शनवर असलेल्यांना तेही जड जाईल हे मान्य आहे, त्यांच्यासाठी काही वेगळी सोय करता येईल. पण रात्रभर आपल्या गेटवर जागणाऱ्या माणसाच्या ताटातून ते काढायचे हे नको.

तर जाणकारांनी प्लीज सांगा:

सरकारी अधिसूचनेतल्या मूळ दरात विशेष भत्ता (महागाईनुसार बदलणारा) मिळवूनच किमान वेतन धरायचं ना? तो वर्षातून दोनदा बदलतो, मग कॉन्ट्रॅक्टमध्ये ठरावीक रक्कम लिहायची की 'लागू दरानुसार' असं कलम घालायचं? एजन्सीने पैसे कमी दिले तर सोसायटीवर जबाबदारी येते का, कोणी असा अनुभव घेतलाय का? आणि बिल पास करण्याआधी बँक ट्रान्सफरचा पुरावा, पीएफ चलन मागायची पद्धत तुमच्याकडे आहे का? मसुदा असेल तर द्या.

अजून एक, कामगार आयुक्त कार्यालयात चौकशीला गेलं तर त्या वॉचमन मामांचीच नोकरी जाईल ही भीती वाटते. त्यांना न अडकवता हे कसं करता येईल? सभा पुढच्या रविवारी आहे, तोवर उत्तर मिळालं तर फार बरं होईल.